सोलापूर ते महाबळेश्वर–दापोली ईव्हीनं: घाटात बॅटरी पुरते का?

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आम्हा पाच जणांना सोलापूरहून महाबळेश्वर आणि तिथून खाली दापोलीला जायचंय. मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई. गाडी नेक्सॉन ईव्ही, ४५ युनिटच्या बॅटरीची. घेतल्यापासून ती पुणं, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशी सपाटीवरच पळालीय. आमच्याकडं चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल. घाटात ही गाडी कशी वागते ते मला ठाऊक नाही. यांना ठाऊक असल्यासारखं ते बोलतात, पण त्यांनाही नाही.

कंपनी रेंज सांगते ती सोडा. पाच माणसं, एसी चालू, ऐंशी-पंच्याऐंशीचा वेग असं धरलं तर आम्हाला तीनशे वीस-तीस पडते. जुळे सोलापुरातून पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, सातारा, वाई असं महाबळेश्वर पावणेतीनशे किलोमीटर भरतंय. आकड्यावर बघितलं तर एका दमात पोचायला हवं. पण शेवटाला पसरणीचा घाट आहे. हे म्हणतात साताऱ्यात चहा-नाश्ता करू तेवढ्यात भरून होईल. जाऊबाई म्हणतात घाटात रेंज निम्मी होते, तुम्ही आमची डिझेल न्या. सासूबाई म्हणतात एसटी बरी. त्यांना गाडी लागते, हेही सांगून ठेवते.

मला विचारायचंय ते असं. चढाला नक्की किती बॅटरी जाते, ह्याचा काही हिशोब असतो का, का ज्याचा त्याचा अंदाज? महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला जायचं, तर वर हॉटेलात गाडी शंभर टक्के करूनच निघावं ना? दापोलीत आम्ही हर्णैच्या बाजूला एका घरगुती निवासात उतरणार आहोत. तिथं साध्या प्लगवर गाडी भरता येते का? आणि परत येताना त्याच वाटेनं महाबळेश्वर चढायचं का दुसरीकडनं यायचं?

चार्जर ॲपवर दिसतात बरेच, पण माझा त्यावर विश्वास उरलेला नाही. मागं पुण्याहून येताना एका पंपावरचा चार्जर ॲपमध्ये हिरवागार, आणि जाऊन बघतोय तर त्याच्यावर पोतं टाकलेलं. पंपावरचा पोरगा म्हणाला, "ते कवाचंच बंद हाय की ओ." तेव्हा पुढं मोठं गाव होतं म्हणून निभावलं. घाटात असं झालं तर काय करायचं?

टाकी फुल्ल

ताई, जाऊबाईंचं ऐका. आमच्या क्रेटाची टाकी सात रस्त्याला भरायची, दापोलीला जायचं, मासे खायचे, परत यायचं. मधे कुणाला प्लग मागत फिरायची गरज नाही. सुट्टीला चाललाय का गणिताच्या पेपराला?

फ्यूजवाले काका

टाकीवाले, तुमचं म्हणणं खरं आहे, फक्त दापोलीपर्यंतच्या डिझेलची पावती इथं टाका म्हणजे ताईंचा पेपर सोपा जाईल.

ताई, मी वीज खात्यात उपकेंद्रावर जन्म काढलेला माणूस. आता निवृत्त, आसरा चौकाजवळ राहतो. मुलगी चिपळूणला दिलीय, त्यामुळं महाबळेश्वर, आंबेनळी, कुंभार्ली ही माझी जायची-यायची वाट, आणि गाडी तुमचीच. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं, चढाला बॅटरी किती जाते याला अंदाज लागत नाही, हा शाळेतला हिशोब आहे. एक टन वजन १०० मीटर वर उचलायला पाव युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. तुमची गाडी, पाच माणसं, बॅगा आणि सासूबाईंचा डबा मिळून १,८०० किलो धरा. म्हणजे १०० मीटरला अर्धं युनिट. मोटारीतलं नुकसान मिळवा, तर अर्ध्याच्या थोडं वर. सपाटीला तुमची गाडी एका युनिटात सात किलोमीटर जाते, हे तुमच्याच आकड्यावरनं निघतंय. म्हणजे दर १०० मीटर चढाला ४ किलोमीटर रेंज वजा करायची. संपला विषय. रस्ता वळणाचा आहे का सरळ, घाट प्रसिद्ध आहे का नाही, याच्याशी बॅटरीला घेणं नाही. ती फक्त उंची मोजते.

आता सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या थोडं वर आहे आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या वर. फरक ९०० मीटर. म्हणजे छत्तीस किलोमीटर. तुमच्या पावणेतीनशेत ते मिळवले की तीनशे दहा झाले, आणि रेंज तीनशे वीस. जाऊबाईंचं "निम्मी होते" तिथंच निकालात निघालं, पण यजमानांना सांगा की एका दमात जायचं मनातही आणू नका. पोचाल, पण पाचगणीच्या पुढं डॅशबोर्डवर कासव (बॅटरी संपत आल्याची खूण) दिसायला लागेल आणि घरातली सगळी माणसं तुमच्याकडं बघायला लागतील.

जाऊबाईंना निम्मी का वाटते तेही सांगतो. वाई सोडून पसरणी चढायला लागलात की काट्यावरचे किलोमीटर धडाधड पडतात. गाडी बिचारी मागच्या थोड्या वेळाच्या खर्चावरनं पुढचा अंदाज बांधत असते. तिला वाटतं आता जन्मभर चढच आहे. तो आकडा बघूच नका. घाटात फक्त टक्के बघायचे. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर आणि जवळजवळ पावणेसहाशे मीटर चढ, त्याला दहा टक्के जातात. पाचगणी ते महाबळेश्वर एकोणीस किलोमीटर, पण तिथं चढ फारसा उरलेला नसतो, पाच-सहा टक्क्यांत काम होतं. मी वाईच्या पुलावर टक्के बघून ठेवतो आणि वर वेण्णा तलावापाशी परत बघतो. पंधरा-सोळाच्या पुढं मागं होत नाही.

म्हणून जाताना असं करा. घरून शंभर टक्के करून निघा. सातारा दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. तिथं पोचताना तीस-बत्तीस टक्के उरतील. सातारा-कऱ्हाड हायवेवर आणि सातारा शहरात फास्ट चार्जर एकापेक्षा जास्त आहेत, म्हणजे एकावर पोतं असलं तरी दुसरा गाठता येतो. मी चार्जर निवडताना एवढंच बघतो, की ज्या गावात एकच आहे त्याच्या भरवशावर जायचं नाही. प्लगशेअर ॲपवर तारीखवार लोकांनी लिहिलेलं वाचा. काल-परवा कुणी भरून गेलेलं असलं तर जा. हिरवा ठिपका हा पोस्टरवरच्या पुढाऱ्याच्या हसण्यासारखा, त्यावर काही ठरवायचं नाही. फास्ट चार्जरला युनिटामागं अठरा ते पंचवीस रुपयांच्या दरम्यान पडतात, घरच्यापेक्षा महाग. साताऱ्यात ऐंशी टक्क्यांपर्यंत भरून उठा. ऐंशीच्या वर तो चार्जर पिपेतलं तेल गाळल्यासारखा चालतो, तिथं वेळ घालवण्यात अर्थ नाही. ऐंशीनं निघालात तर महाबळेश्वरला पन्नास टक्के हातात घेऊन पोचता. तेवढ्यात दोन दिवस पॉइंट फिरा.

नाताळात पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते, तिची भीती अजिबात बाळगू नका. आपली गाडी उभी राहिली की मोटार काही खात नाही. एसी लावून तासभर थांबलात तर एखादं युनिट. डिझेलवाला तेवढ्या वेळात क्लच जाळतो, त्याचा वास आपल्या नाकात येतो एवढंच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ठाम "नाही". महाबळेश्वरहून शंभर टक्के करून आंबेनळी उतरू नका. उतरताना मोटारच जनित्रासारखी चालून वीज करते आणि त्याच ओढीनं गाडीला ब्रेक लागतो, हे तुम्ही सपाटीवर सिग्नलला अनुभवलं असेल. पण बॅटरी गच्च भरलेली असली तर ती वीज ठेवायची कुठं? मग गाडी ते बंद करते, आणि साडेबाराशे-तेराशे मीटरचा उतार सगळा पायातल्या ब्रेकवर येतो. पाच माणसं, वळणावर वळणं, ब्रेकचा वास सुटतो. ऐंशी-पंच्याऐंशीवर निघा. महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीस किलोमीटरला बॅटरी जिथल्या तिथं राहते, कधी दोन-तीन टक्के वाढलेली असते. चढाला घातलेलं सगळं परत मिळत नाही, निम्म्याच्या थोडं वर मिळतं, आणि त्यातलं बहुतेक त्या चाळीस किलोमीटरच्या चालण्यालाच खर्ची पडतं. पण फुकटात चाळीस किलोमीटर झाले की.

आंबेनळी अरुंद आहे. सकाळी लवकर उतरा. धुकं असलं तर प्रतापगड फाट्याला थांबून चहा घ्या. पावसाळ्यात हीच वाट मी कुणाला सांगणार नाही. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा ह्या घाटाचा रस्ता जागोजागी वाहून गेला होता. आपल्या सोलापुराला एवढा पाऊस पडायला अख्खा पावसाळा लागतो.

सासूबाईंसाठी: आपल्या स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी मोटारीची ती ब्रेकसारखी ओढ कमी-जास्त करता येते. उतारावर सगळ्यात जास्त ठेवावी असं पुस्तक सांगेल, पण त्यात पाय जरा उचलला की गाडी गचका खाते, आणि मागं बसलेल्या माणसाला त्यानंच मळमळतं. मधल्या पातळीवर ठेवा आणि पाय एकदम न उचलता हळूहळू सैल करा. आमच्या हिला पूर्वी आंबेनळीत दर वेळी लिंबू लागायचं. डिझेलचा घरघराट आणि वास नसल्यानं निम्मा त्रास तसाच कमी होतो. सासूबाईंना पुढं बसवा, यजमान मागं.

शेंगाचटणी

काका, प्रिंट काढून यांच्यासमोर ठेवलंय. "यजमान मागं" ह्या वाक्याखाली मी पेननं रेघ मारलीय.

गाडी मीच चालवणार आहे, तेव्हा पायाचं नीट लक्षात ठेवते. पोलादपूरच्या पुढं सांगा की. खेडवरनं दापोलीला चढ आहे का? आणि परतीला कुंभार्ली म्हणालात, ते चिपळूणवरनं कऱ्हाडला? तिकडं चार्जर मिळतात का मधे?

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा, सासर-माहेर दोन्ही कोकण, म्हणून मधे बोलतो.

पोलादपूर ते खेड चाळीसेक किलोमीटर. पूर्वी कशेडी घाटात अर्धा तास वळणं घ्यावी लागायची, बोगदा झाल्यापासून तो चढ वाचला. खेडहून दापोली तीस किलोमीटरच्या आत, आणि दापोली अडीचशे मीटरच्या जवळपास उंचावर असल्यानं थोडा चढ आहे. महाबळेश्वरहून पंच्याऐंशीनं निघालात तर दापोलीत साठच्या आसपास उतराल. हर्णै, मुरुड, कर्दे, आंजर्ले हे सगळं दहा-वीस किलोमीटरच्या टप्प्यात आहे, तेवढ्याला साठ टक्के भरपूर.

आता निवासातल्या प्लगविषयी, कारण सोलापूर-पुण्याकडची माणसं इथंच अडकतात. पहिलं, बुकिंग करताना "चार्जिंग आहे का" असं विचारू नका. मालक "हो हो आहे" म्हणतो, त्याला वाटतं मोबाइलचं विचारताहेत. "विहिरीच्या पंपाला पंधरा अँपिअरचा प्लग आहे का, आणि गाडी त्याच्या किती जवळ येते" असं विचारा. पंपाचा प्लग जवळजवळ प्रत्येक वाडीत असतो. फक्त विहीर वाडीच्या मध्यात असते आणि तिच्या चारी बाजूंनी माड. रात्रभर गाडी माडाखाली उभी करू नका. नारळ काय वेळ सांगून पडत नाही, आणि झावळी पडली तरी काच जाते. प्लग विहिरीपाशी आणि गाडी अंगणात, असाच प्रसंग येणार, तर वायरीची तयारी ठेवा. कशी वायर ते काका सांगतील.

दुसरं, अर्थिंग. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात पितळ असतं, पण त्याच्या मागं काही जोडलेलं नसतं. तुमचा चार्जर लाल दिवा लावून बसेल आणि तुम्हाला वाटेल चार्जर बिघडला. तो शहाणा आहे, अर्थिंग नसेल तर चालू होत नाही. घरातले दोन-तीन प्लग लावून बघा. पंपाला बहुतेक ठिकाणी अर्थिंग केलेलं असतं.

तिसरं, वीज जाते. कधी अर्धा तास, कधी जास्त. त्यामुळं शेवटच्या रात्रीवर सगळं ठेवू नका. पोचल्या दिवशीच लावा, फिरून आलात की परत लावा. आणि मालकाला न मागता पैसे द्या. मीटरचा लावताना आणि काढताना फोटो काढायचा, जेवढी युनिटं तेवढे पैसे, त्याच्या दरानं, वर थोडे. आधीच बोलून घेतलं की कुणाच्या मनात राहत नाही. आमच्याकडची माणसं तोंडावर काही बोलणार नाहीत, पण पुढच्या ईव्हीवाल्याला "प्लग बंद आहे" म्हणून सांगतील.

परतीला वेळ असेल तर दाभोळहून जंगलजेटीनं धोपाव्याला उतरा आणि गुहागरावरून चिपळूणला या. गाडी बोटीत उभी असते, बॅटरी जात नाही आणि मुलं खूश.

माणदेशी

पंढरपूर-म्हसवड-दहिवडी वाटेवर हंगामात उसाच्या जोड ट्रॉल्या असतात, अंधारात मागचे दिवे नसतात. दिवसा या. त्यांच्यामागं अडकलात तरी चिडू नका, चाळीसच्या वेगात आपली रेंज वाढते. गोंदवल्याला प्रसाद घ्यायचा तर दुपारच्या वेळेत पोचा.

फ्यूजवाले काका

वाशिष्ठीकाठ यांनी माझं निम्मं काम केलं. माणदेशी बरोबर बोलले, आमच्या पंढरपूर-मोहोळकडंही हीच परिस्थिती. आणि खरं सांगायचं तर ह्या सगळ्या प्रवासात बॅटरी सर्वात जास्त खाणारा तुकडा घाटातला नाहीच. तो पंढरपूर ते सातारा आहे. मोकळा रस्ता दिसला की पाय दाबला जातो, ऐंशीचे शंभर होतात, आणि हवा कापायचा खर्च वेगाच्या वर्गानं वाढतो. शंभरनं गेलात तर साताऱ्याला बत्तीसच्या जागी वीस-बावीस टक्के घेऊन पोचाल. अख्खा पसरणी चढायला जेवढी वीज लागते, त्यातली बरीचशी तिथं माळावर उधळून झालेली असते. लोक मात्र नाव घाटाचं घेतात.

परतीचा हिशोब देतो. हर्णैहून शंभर टक्क्यांनी निघा. इथं शंभर चालतं, दापोलीचा उतार किरकोळ आहे, पाच-दहा किलोमीटरात जागा होते. चिपळूणला पोचताना पंच्याहत्तर-ऐंशी असतील. वाटेत परशुराम घाट लागतो, तो छोटा आहे. चिपळूण ते कऱ्हाड शंभरेक किलोमीटर. त्यात कुंभार्लीचा माथा सहाशे-साडेसहाशे मीटर, म्हणजे आपल्या हिशोबानं पंचवीस किलोमीटर जादा. माथ्याच्या पुढं हेळवाक, पाटण, कऱ्हाड हा सगळा कोयनेच्या काठाकाठानं रस्ता, त्यात चढ नाही. कऱ्हाडला चाळीसच्या आसपास टक्के उरलेले असतात. चिपळूण आणि कऱ्हाड दोन्हीकडं चार्जर आहेत, मधे घाटात शोधू नका. कऱ्हाडला जेवताना नव्वदपर्यंत भरा. इथं ऐंशीच्या वर जायला हरकत नाही, कारण पुढं विटा, पंढरपूर करत सोलापूर दोनशेच्या वर आहे आणि जेवायला तसाही वेळ लागतो. घरी पंचवीस टक्क्यांनी पोचाल.

कुंभार्ली चढताना मुलांना एक गोष्ट दाखवा. घाटाच्या पायथ्याला पोफळी आहे, तिथं कोयनेचं वीजघर. कोयना नदी वाहते पूर्वेला, कृष्णेकडं. पण तिचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातनं पश्चिमेला आणून, जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली सोडून वीज करतात, आणि मग ते पाणी वाशिष्ठीला मिळतं. सगळे टप्पे धरून प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. तुमची गाडी आंबेनळी उतरताना जे करते तेच, फक्त पाण्याच्या जागी सासूबाई आणि बॅगा. माझ्या नातवाला हे सांगितलं तर त्यानं विचारलं, मग पाणी वर परत कोण नेतं? त्याला म्हटलं, पावसाळा. शाळेत बाईंना हेच उत्तर देऊन आला.

टोलचं कुणीतरी विचारेल म्हणून सांगतो. समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगतीवर आपल्याला माफी आहे, पण आपल्या वाटेवर त्यातलं एकही नाही. आनेवाडीला फास्टॅगमधनं जाणारच.

टाकी फुल्ल

पावती शोधली काका. टाकत नाही.

शेंगाचटणी

ठरलं. हर्णैच्या मालकांना फोन केला, वाशिष्ठीकाठ यांनी सांगितलं तस्संच विचारलं. पंपाचा प्लग आहे, अर्थिंग आहे, विहिरीपासून अंगण "असेल चाळीस-पन्नास फूट" म्हणाले. आणि चारी बाजूंनी माड आहेत. पैशांचं बोलल्यावर आधी नको म्हणाले, मग मीटरच्या फोटोला तयार झाले.

घरात पाच मीटरची वायर आहे, गुंडाळी येते तशी, मिक्सर-इस्त्रीला वापरतो. ती दोन जोडून चालेल का? यांना वाटतंय चालेल.

फ्यूजवाले काका

नाही. यजमानांना आता खरंच मागं बसवा.

घरचा चार्जर पंधरा अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिटच्या आसपास ओढतो, आणि तेही अख्खी रात्र. मिक्सर दोन मिनिटं चालतो. दोन वायरी मधे जोडल्या की तो जोड तापतो, आणि गुंडाळीवर उरलेली वायर त्याहून जास्त तापते. वाळलेल्या झावळ्यांच्या वाडीत तेवढंच नकोय.

वीस मीटरची, तीन तारांची, चार चौरस मिलिमीटर तांब्याची लवचिक वायर घ्या. अडीचची चालते, पण एवढ्या लांबीला चार बरी. एका टोकाला पंधरा अँपिअरचा चांगल्यातला प्लग, दुसऱ्याला पेटीत बसवलेला सॉकेट आणि वीस अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. सॉकेट गाडीखाली कोरड्यात येईल असा ठेवा, दंव पडतं. लावताना वायर पूर्ण उलगडून जमिनीवर पसरायची, गुंडाळी ठेवायची नाही. लावल्यावर अर्ध्या तासानं मालकाच्या प्लगला हात लावून बघा. कोमट असला तर ठीक. चटका बसला तर चार्जरचा करंट कमी करता येतो का बघा, नाहीतर काढा आणि दुसरा प्लग शोधा. जुन्या सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल झालेल्या असतात, त्याला वायर कितीही जाड घेऊन उपयोग नसतो. तीन दिव्यांचा छोटा टेस्टर मिळतो, प्लगमध्ये खोचला की अर्थिंग आहे का नाही ते लगेच दिसतं, तोही घेऊन ठेवा.

नव्या पेठेत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात हे सांगितलं तर समोर बसून जोडून देतील. फक्त वायर मोजून घेताना तांबं सोलून बघा, वर चार छापलेलं असतं आणि आत अडीचही नसतं.